नसलेल्या तीन तुकड्यांची साक्ष

१९९८ साली ‘नेचर’मध्ये जेमतेम चार पानांचा एक लेख आला. यिन-लाँग छ्यू, जेफ्री पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवरच्या ३५२ वनस्पतींचा डीएनए तपासला होता. ते शोधत होते मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांमधले फक्त तीन इन्ट्रॉन, म्हणजे जनुकाच्या मजकुरात मधेच येणारे आणि प्रथिनाशी संबंध नसलेले तुकडे. हरितांमध्ये, म्हणजे मॉसमध्ये, हे इन्ट्रॉन सापडले. शृंगकांमध्ये (हॉर्नवर्ट) सापडले. नेचे, सूचिपर्णी, फुलझाडं या सगळ्या वाहिनीवंत गटांतही सापडले. मधूनच एखाद्या जातीत एखादा गळालेला होता इतकंच. लिव्हरवर्ट या मॉससारख्याच चिमुकल्या वनस्पतींच्या गटात मात्र तिन्हींपैकी एकही नव्हता. हिरव्या शैवलांतही नव्हता.

निष्कर्ष सरळ होता. शैवलांत नाहीत आणि लिव्हरवर्टमध्येही नाहीत, याचा अर्थ हे इन्ट्रॉन यायच्या आधीच लिव्हरवर्टची शाखा वेगळी झाली असणार. बाकी सगळ्या भूवनस्पतींच्या समाईक पूर्वजात ते नंतर घुसले. म्हणजे जमिनीवरच्या वनस्पतींमधला पहिला फाटा लिव्हरवर्टचा. पुढची पंधरा-वीस वर्षं पाठ्यपुस्तकांतल्या वंशवृक्षांच्या बुंध्याशी लिव्हरवर्ट बसले ते मुख्यतः या पुराव्यावर.

आज ते तिथे नाहीत. गंमत अशी की १९९८ची निरीक्षणं कुणी खोटी ठरवलेली नाहीत. ते तीन इन्ट्रॉन लिव्हरवर्टमध्ये तेव्हाही नव्हते, आजही नाहीत. पुरावा जागच्या जागी राहिला आणि निकाल फिरला. हे कसं झालं, तेच या प्रकरणात पाहायचं आहे.

वनस्पती कोणती

लिव्हरवर्टना मराठीत यकृतका म्हणतात. काहींचं चपटं, पाळ्यापाळ्यांचं शरीर यकृतासारखं दिसतं, आणि ज्या अवयवासारखी वनस्पती दिसते त्या अवयवावर ती औषध, या जुन्या युरोपीय समजुतीतून हे नाव आलं. जगात सुमारे ७,५०० जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य यकृतासारख्या अजिबात दिसत नाहीत. बारीक पानांच्या, मॉस म्हणून सहज खपून जातील अशा असतात. पण अभ्यासक्रमात शिकवतात ती मर्केंशिया, म्हणून डोळ्यांसमोर तीच येते.

मर्केंशिया हातात घेऊन भिंगाखाली धरली तर तिचा हिरवा पट्टा षट्‌कोनी चौकटींनी आखलेला दिसतो. प्रत्येक चौकटीच्या मधोमध एक टिंब असतं. ते हवा आत-बाहेर जाण्याचं छिद्र. पेशींची कडी एकावर एक रचून केलेलं, पिंपासारखं. पट्ट्यावर जागोजाग छोट्या वाट्या असतात आणि वाटीत चपट्या हिरव्या टिकल्या. पावसाचा थेंब वाटीत पडला की टिकल्या उडतात आणि पडतील तिथे नवं रोप धरतात.

ते छिद्र लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे घोटाळा होतो तो इथेच. ते पर्णरंध्र नव्हे. पर्णरंध्राला दोन रक्षक पेशी असतात आणि त्या फुगून-आकसून तोंड उघडतात, मिटतात. शिवाय हरिता आणि शृंगका यांच्यात पर्णरंध्रं असतात ती बीजुकं तयार करणाऱ्या पिढीवर, म्हणजे बीजुकधारीवर. मर्केंशियाची छिद्रं असतात दुसऱ्याच पिढीवर, म्हणजे लिंगपेशी तयार करणाऱ्या हिरव्या पट्ट्यावर. लिव्हरवर्टच्या बीजुकधारीवर पर्णरंध्रं नसतात. एकाही जातीत नाहीत.

आधीचं चित्र

डीएनए हाताशी यायच्या आधीही लिव्हरवर्ट तळाशी ठेवण्याकडे कल होता. १९८४ साली ब्रेंट मिशलर आणि स्टीव्हन चर्चिल यांनी बाह्य आणि अंतर्गत लक्षणांवरून मांडलेल्या वृक्षात आधी लिव्हरवर्ट, मग शृंगका, आणि हरिता वाहिनीवंत वनस्पतींच्या शेजारी, असा क्रम होता. पर्णरंध्र हे त्यातलं एक वजनदार लक्षण. लिव्हरवर्टला नाही, बाकी सगळ्यांना आहे. तेव्हा ते नंतर आलं.

मात्र इतर विश्लेषणांत कधी शृंगका तळाशी येत, कधी दुसरंच कुणी. मत कुणाचंच पक्कं नव्हतं. अशा वेळी इन्ट्रॉनचा पुरावा आला, आणि तो जुन्या कलाशी नेमका जुळला. माझ्या मते त्याच्या यशाचं निम्मं कारण हेच. लोकांना जे आधीपासून पटत होतं त्यावर डीएनएची मोहर उठली.

इन्ट्रॉनचं वजन एवढं का

जनुकातला मजकूर सलग नसतो. मधेमधे असे तुकडे असतात की ज्यांचा प्रथिनाशी संबंध नाही. पेशी आधी अख्ख्या जनुकाची आरएनए प्रत काढते, मग हे मधले तुकडे कापून टाकते आणि उरलेलं सांधते. कापून टाकलेला तुकडा म्हणजे इन्ट्रॉन. वनस्पतींच्या मायटोकॉन्ड्रियात बहुतेक इन्ट्रॉन ‘गट दोन’चे असतात.

नुसत्या अक्षरांच्या तुलनेत एक अडचण कायम असते. डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. एखाद्या जागी सी होतं, तिथे टी आलं, हे दोन वेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे घडणं अगदी शक्य आहे. इन्ट्रॉनचं तसं नाही. शेकडो अक्षरांचा तुकडा, त्याच जनुकात, त्याच दोन अक्षरांच्या मधोमध, दोन घराण्यांत आपोआप येऊन बसला असं म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून असा बदल एकदाच घडला असं धरतात आणि तो ज्यांच्यात आहे ते सगळे एका पूर्वजाचे वंशज ठरवतात.

तपासणीही सोपी वाटते. आज कुणाला करायची झाली तर इन्ट्रॉनच्या दोन्ही बाजूंना, जनुकाच्या कायम राहणाऱ्या भागावर प्रायमर (डीएनएचे छोटे आरंभ-तुकडे) बसवायचे, पीसीआरने मधल्या भागाच्या असंख्य प्रती काढायच्या आणि त्या जेलवर पळवायच्या; तिथे आखूड तुकडे लांबवर जातात, लांब तुकडे मागे राहतात. मॉसच्या रांगेत पट्टा वर अडकतो, कारण तुकडा लांब आहे. मर्केंशियाच्या रांगेत तो बराच खाली उतरतो. दिव्याखाली दिसणारा हा फरक वाद घालण्यापलीकडचा असतो. ‘आहे’ किंवा ‘नाही’, मधलं काही नाही. पुरावा इतका स्वच्छ दिसला की त्याचा अर्थही तितकाच स्वच्छ असेल असं वाटू लागतं.

मर्केंशियाचा डीएनए तसा अनोळखीही नव्हता. क्योटो विद्यापीठातल्या कान्जी ओहयामा यांच्या गटाने तिच्या हरितलवकाचा संपूर्ण जीनोम १९८६ सालीच वाचला होता. तंबाखूच्या बरोबरीने जगात पहिला. १९९२ साली मायटोकॉन्ड्रियाचा वाचून झाला, १,८६,६०८ अक्षरांचा. त्यात ३२ इन्ट्रॉन निघाले. म्हणजे लिव्हरवर्टना इन्ट्रॉनचं वावडं नाही. ते तीन तेवढे नाहीत.

गृहीतक कुठे होतं

‘नाही’ याचे अर्थ दोन. कधी आलंच नाही, किंवा आलं होतं आणि गेलं. १९९८च्या मांडणीत पहिला अर्थ घेतला होता. तेव्हाच्या माहितीवर तो वाजवी होता, कारण त्यात कमीत कमी घटना मानाव्या लागत होत्या.

पण इन्ट्रॉन येणं दुर्मीळ असलं तरी जाणं दुर्मीळ नाही. छाटलेल्या आरएनएवरून उलट डीएनए प्रत तयार होते आणि ती मूळ जनुकाच्या जागी बसते. या प्रतीत इन्ट्रॉन नसतोच, त्यामुळे तो मागमूस न ठेवता जातो. एकाच जनुकात दोन इन्ट्रॉन शेजारी असतील तर दोन्ही एका झटक्यात जाऊ शकतात. ३५२ जातींच्या त्या यादीतही अशा गळती नोंदलेल्या होत्याच.

आणि ‘एकदाच येतो’ हेही दगडावरची रेघ नव्हे. त्याच १९९८ साली, त्याच प्रयोगशाळेतून, बहुतांशी त्याच लेखकांचा दुसरा लेख प्रसिद्ध झाला. फुलझाडांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या कॉक्स-१ या जनुकात एक इन्ट्रॉन एकाच जागी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे घुसला आहे, असं त्यात दाखवलं होतं. तो इन्ट्रॉन ‘गट एक’चा, त्याची चाल निराळी, त्यामुळे दोन निष्कर्षांत थेट विरोध नाही. तरी एकाच टेबलावर हे दोन हस्तलिखित शेजारी पडलेले डोळ्यांपुढे आणले की मौज वाटते.

दुसरीकडून आलेले आवाज

२००४ साली तोमोआकी निशियामा आणि सहकाऱ्यांनी हरितलवकातल्या जनुकांवरून वेगळंच चित्र काढलं: लिव्हरवर्ट, हरिता आणि शृंगका हे तिन्ही मिळून एकच घराणं. त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. २००६ मध्ये छ्यू यांच्याच पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासात पुन्हा लिव्हरवर्ट तळाशी आणि शृंगका वाहिनीवंतांच्या शेजारी आले, आणि तोच क्रम रूढ झाला.

या काळात लिव्हरवर्टच्या आतलं वर्गीकरण मात्र डीएनएने झपाट्याने लावलं, आणि ते टिकलं. हॅप्लोमिट्रियम आणि ट्रूबिया या दोन विचित्र प्रजाती इतर सगळ्या लिव्हरवर्टपासून आधी फुटलेल्या निघाल्या. त्यांचा स्वतंत्र वर्ग झाला. ब्लेसिया ही साध्या पट्टीसारखी, अंगात नॉस्टॉक या नील-हरित जीवाणूच्या काळ्या ठिपक्यांसारख्या वसाहती बाळगणारी. ती साध्या थॅलसवाल्यांतून (थॅलस म्हणजे पानं-खोड नसलेलं चपटं शरीर) उचलून मर्केंशियाच्या बाजूला, त्या शाखेच्या बुडाशी बसवावी लागली. प्लुरोझियाला चांगली पानं आहेत, तरी ती पट्टीवाल्या मेट्झगेरियाच्या नात्यातली ठरली. पण एकदा डीएनएने बोट दाखवल्यावर शेंड्याची पेशी पुन्हा पाहिली गेली: दोन्हींत ती भिंगासारखी, दोनच बाजूंनी पेशी पाडणारी आहे. खूण समोरच होती, पानांमुळे तिकडे कुणाची नजर गेली नव्हती.

बुंध्याशी असलेला प्रश्न असा सुटेना. फांद्यांची टोकं लावणं सोपं असतं, कारण फुटल्यानंतरच्या खुणा ताज्या असतात. इथे फाटे जवळजवळ पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे, बहुधा एकापाठोपाठ थोड्याच अवधीत फुटलेले, आणि त्यानंतर खुणांवर खुणा चढलेल्या.

२०१४ साली दोन गोष्टी घडल्या. नॉर्मन विकेट आणि सहकाऱ्यांनी शंभरावर जातींतली केंद्रकातली साडेआठशेपर्यंत जनुकं एकत्र तपासली. शृंगका नेमक्या कुठे हे विश्लेषणाच्या पद्धतीनुसार हलत राहिलं. पण लिव्हरवर्ट आणि हरिता पुन्हा पुन्हा एकमेकांच्या शेजारी आले, सख्ख्या भावंडांसारखे.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ती सायमन कॉक्स आणि सहकाऱ्यांची. हरितलवकाच्या जनुकांवरून अक्षरं घेऊन वृक्ष काढला की एक उत्तर येतं आणि त्याच जनुकांची प्रथिनं घेऊन काढला की दुसरं, असं का, याचा त्या वर्षी छडा लागला. एकाच अमिनो आम्लासाठी डीएनएत अनेक त्रिकं चालतात. त्यामुळे तिसरं अक्षर बदललं तरी प्रथिनाला फरक पडत नाही. अशा बिनपरिणामी जागा भराभर बदलतात, आणि काही घराण्यांत ए-टीकडे झुकतात, काहींत जी-सीकडे. नेहमीची गणिती प्रारूपं हे झुकतं माप सगळीकडे सारखंच धरतात. मग ज्यांचं माप योगायोगाने सारखं झुकलंय त्यांना ती नातेवाईक समजतात. हा गोंगाट काढून टाकला की ‘लिव्हरवर्ट सर्वांत आधी’ या उत्तराचा आधार ओसरत होता.

आरएनए संपादनाची भर वेगळीच. बऱ्याच वनस्पतींत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत सी लिहिलेलं असतं आणि आरएनए प्रतीत पेशी त्याचं यू करते. मर्केंशियात हे संपादन नाही. तेही एकेकाळी आदिम लक्षण वाटलं होतं. मग पानांच्या लिव्हरवर्टमध्ये संपादन सापडलं, हॅप्लोमिट्रियममध्ये तर भरपूर. म्हणजे मर्केंशियाच्या शाखेने ते नंतर सोडून दिलेलं. इन्ट्रॉनच्या बाबतीत असंच तर नाही ना, ही शंका तेव्हाच यायला हवी होती, असं आज मागे पाहून म्हणणं फार सोपं आहे.

हिशेब

२०१८ मध्ये मार्क पटिक, फिलिप डोनह्यू आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रारूपं लावून सगळा माल पुन्हा तपासला. लिव्हरवर्ट आणि हरिता यांची जोडी भक्कम निघाली. तिला नाव मिळालं सेटाफायटा. सेटा म्हणजे बीजुककोशाखालचा देठ. तो या दोघांत असतो, शृंगकांत नसतो. पुढच्या अभ्यासांत तिन्ही गट मिळून एक घराणं आणि वाहिनीवंत वनस्पती हे दुसरं, या मांडणीला बळ मिळत गेलं. २०२० मध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांनाही झुकतं माप हिशेबात घेणारी प्रारूपं लावली, तेव्हा त्यांनीही सेटाफायटाच्या बाजूने कौल दिला. इन्ट्रॉनचा पुरावा ज्या घरातून आला होता त्याच घरातून.

आता त्या तीन तुकड्यांकडे परत येऊ. जुन्या वृक्षावर प्रत्येक इन्ट्रॉन एकदा आला, संपलं. तिघांच्या मिळून तीन घटना. नव्या वृक्षावर प्रत्येक इन्ट्रॉन सगळ्या भूवनस्पतींच्या पूर्वजात आला आणि लिव्हरवर्टच्या पूर्वजातून गेला. तिघांच्या सहा घटना. दोन इन्ट्रॉन एका झटक्यात गेले असतील तर त्याहून कमी. याउलट हरिता, शृंगका आणि वाहिनीवंत यांच्यात ते वेगवेगळे आले म्हणायचं तर नऊ.

तीन विरुद्ध सहा. नुसते हेच आकडे समोर असते तर जुना वृक्षच निवडायला हवा होता, आणि १९९८ मध्ये तो निवडला हे योग्यच होतं. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आता शेकडो जनुकं आहेत. त्या बाजूला तीन जास्तीच्या गळती मान्य करणं ही किरकोळ किंमत आहे. गळणं हा तर या तुकड्यांचा स्वभावच.

मग पर्णरंध्रांचं काय

वृक्ष बदलला की लक्षणांचे अर्थ बदलतात, आणि इथे सगळ्यांत मोठा धक्का पर्णरंध्रांना बसला. लिव्हरवर्ट हरितांचे सख्खे असतील आणि हरितांना पर्णरंध्रं असतील, तर सोपा अर्थ असा की लिव्हरवर्टनी ती गमावली. २०२० साली ब्रिस्टल विद्यापीठातून आलेल्या अभ्यासात जनुकांच्या पातळीवर हेच मांडलं: भूवनस्पतींच्या समाईक पूर्वजाला पर्णरंध्रं होती आणि लिव्हरवर्टच्या वाटेवर त्यासाठीची जनुकं गळत गेली. साधेपणा मुळातला नव्हता, नंतर आलेला होता.

२०२३ साली जपानमधल्या संशोधकांनी त्याला हात लावून पाहता येईल असा दुजोरा दिला. मर्केंशियात त्यांना पर्णरंध्रं घडवणाऱ्या जनुकांच्या कुळातलं एक जनुक चालू स्थितीत सापडलं. ज्या वनस्पतीला पर्णरंध्रं नाहीत तिथे ते काय करतं? ते बीजुकधारीचा देठ घडवतं. जनुक बंद पाडलं तर देठाच्या पेशी नीट विभागत नाहीत. हेच जनुक पर्णरंध्रं बिघडवलेल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रयोगशाळांतल्या नेहमीच्या फुलझाडात घातलं, तर बिघाड अंशतः दुरुस्त होतो. कारखाना बंद पडला, पण एक जुना कारागीर शेजारच्या खात्यात कामाला लागला, असा प्रकार. जनुकाचं नाव त्यांनी सेटा असंच ठेवलं.

लिव्हरवर्ट आणि हरिता इतके जवळचे, हे पाहून ताकाकियाची आठवण होते. ही चिमुकली वनस्पती १९५८ साली लिव्हरवर्ट म्हणून वर्णिली गेली. पुढे अल्युशियन बेटांवर तिचे बीजुकधारी सापडले तेव्हा ती मॉस निघाली, आणि डीएनएनेही तेच सांगितलं. तीसेक वर्षं तज्ज्ञांचा गोंधळ उडाला तो काही त्यांच्या नजरेचाच दोष नव्हता.

अजून लोंबकळत असलेलं

ओमानमधल्या ऑर्डोव्हिशियन काळातल्या (साधारण ४८ ते ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांतून बीजुकं भरलेल्या बीजुककोशांचे तुकडे मिळाले. चार्ल्स वेलमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ते प्रसिद्ध केले. बीजुकांच्या भिंतीची सूक्ष्म रचना आजच्या लिव्हरवर्टशी जुळते, असं त्यांनी नोंदवलं. लिव्हरवर्ट तळाशी होते तेव्हा हे चपखल बसत होतं. सर्वांत जुनी वनस्पती आणि सर्वांत जुनी बीजुकं, दोन्ही एकाच जातकुळीची.

नव्या वृक्षावर हे जुळणं वेगळं वाचावं लागतं. तशी भिंत सगळ्याच भूवनस्पतींच्या पूर्वजाकडे असू शकते, आणि लिव्हरवर्टनी ती फक्त जपली असेल. तसं असेल तर ते तुकडे लिव्हरवर्टचे आहेत असं नुसत्या भिंतीवरून म्हणता येणार नाही. पर्णरंध्रांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे या बीजुकांहून बरेच अलीकडचे आहेत. पूर्वजाला पर्णरंध्रं होती हे खरं असेल तर मधल्या कोट्यवधी वर्षांतल्या खडकांत ती कुठेतरी असायला हवीत. तशा त्वचेचा एखादा तुकडा अजून निघालेला नाही.